आमचे ते

भिलाई, मंगळवार, फेब्रुवारी १९६०

चूक माझीच. दादाचा हात भट्टीवर भाजलेला. वहिनीला दवाखान्यात न्यायचं काम माझं, आणि मी बसलो रशियन साहेबांच्या दुभाष्याजवळ. तो सांगत होता, फार जुनी एक भाषा होती, कोणी लिहून ठेवली नाही, पंडितांनी अंदाजानं जुळवली. रशियन न आपली मराठी तिच्याच लेकी. तिच्यात ‘त्याचा’ म्हणजे ‘तोस्यो’, ‘त्याला’ म्हणजे ‘तोस्मोइ’. मी पाठच करत बसलो! दुपार गेली.

पळत पोचलो तर वहिनी दादाच्या खाटेजवळ. एकटी आली कशी? खिडकीवरचा बाबू पेशंटचं नाव विचारणार, आणि नवऱ्याचं नाव तिनं लग्नातल्या उखाण्यातच काय ते घेतलेलं. म्हणे, तासभर ‘आमचे ते’, ‘आमचे ते’ करत उभी होती. बाबू हसला, “बाई, यहाँ सबके ‘वो’ भरती हैं.”

शेवटी घेतलं तिनं नाव. माझ्यामुळे.

मी माफी मागणार, तर तीच कानाशी आली. “भाऊजी, म्या नाव घेतलं हे त्यांले सांगू नका.”

दादाचे डोळे मिटलेलेच होते. पण मिशीत हसत होता.