आप्पांची फटफटी उघडली तेव्हा

निपाणी, आश्विन शु. ३
सिलिंडर सुटला. रॉकेल मुरवलं, लाकूड लावून ठोकलं, हलेना. शेवटी चिडून लाथ घातली नि सुटला! आत काजळीच काजळी, पिस्टनच्या रिंगा रुतलेल्या. एवढासा लोखंडी डबा माणसाला ओढून नेतो. कसा?
आक्काचे सासरे, आप्पा, वखारीच्या दारातून म्हणाले, "कॉलेज अर्ध्यात सोडलंस, माझी फटफटी तरी सोडू नगंस." सगळे हसले. कुसुमही. आक्काची नणंद म्हणून सोडून दिलं. खरं तर ती हसली की मला काही सुचतच नाही.

शु. ५
गडहिंग्लजचे लोक कुसुमला बघायला येणार, पौर्णिमा झाली की. आक्काला म्हटलं, आप्पांपाशी माझं नाव काढ.
"काय सांगू रं? भाऊ प्रोफेसरशी भांडून आला नि माझ्या सासरी नटबोल्ट धूत बसलाय म्हणून?"
ठरलं. आधी फटफटी पळवायची. मग आप्पांशी मीच बोलणार.

शु. ७
बाजूचं झाकण काढलं. दोन दातेरी चाकं. लहान दोनदा फिरतं तेव्हा मोठं एकदा, आणि मोठ्यावर व्हॉल्व्ह उघडतात. दोनदाच का? फिरवत बसलो, जेवण राहिलं. आत घेणं, दाबणं, पेटणं, बाहेर टाकणं. चार कामं, दोन फेरे! पुस्तकात होतं की हे. तेव्हा शिरलं नाही.
एक दात इकडचा तिकडे झाला तर सगळं फुकट. मूळ खुणा झिजलेल्या. आप्पांच्या चंचीतला चुना घेऊन दातांवर ठिपके दिले, मग चाकं काढली.

शु. ९, खंडेनवमी
घात. वखारीत पाटावर माझे सगळे भाग मांडलेले. चिंच-राखेनं घासून लख्ख, हळदकुंकू, झेंडू. चुन्याचा मागमूस नाही.
"कुणी घासलं हे?"
"मी. आज हत्यारं पुजायची न्हाईत व्हय?" किती खुशीत होती कुसुम.
"त्याबरोबर अक्कल पण घासलीस काय?"
पूजेला आलेल्या बायकांसमोर. ती आत गेली. आज हत्याराला हात लावायचा नाही, म्हणून नुसता बघत बसलो. झेंडू छान दिसत होता, तेही बोलायचं राहिलं.

शु. ११
काल कुसुमला दसऱ्याचं सोनं दिलं. घेतलं नि पाठ फिरवली. आज माझ्यादेखत आक्काला म्ह., "वहिनी, तुमच्या भावाला विचारा, ही चाकं ज्यानं पहिल्यांदा बसवली, त्याला खूण कुणी करून दिलती?"
आक्का म्ह., "मी काय तार हापीस हाय?"
राग आला. मग तेच डोक्यात घोळत राहिलं. खरंच, कुणी?

शु. १३
खूण नकोच! पिस्टन पार वर आला की एक व्हॉल्व्ह मिटत आलेला हवा, दुसरा उघडू लागलेला. बस. सिलिंडर बसवला, प्लगच्या भोकात खराट्याची काडी सोडली. काडी चढते, थांबते, उतरते. थांबते तिथं बघायचं. एक दात पुढं, चुकलं. मागं, चुकलं. आणखी एक मागं... बसलं.
कु.ची माफी मागितली. मनातल्या मनात.

वद्य २
उतारावर ढकलली. फट्. गप्प. पुन्हा ढकलली. फट फट फट! नाक्यापर्यंत जाऊन परत. धुरानं वखार भरली, कामाच्या बायका खोकत हसत बाहेर.
आप्पांनी पाठीत थाप घातली. "जमवलंस की रं गड्या!"
म्हटलं, "आप्पा, एक बोलायचं होतं."
"आधी माझं ऐक. उद्या सर्व्हिस मोटारीनं गडहिंग्लजचे पाव्हणे येत्यात. नाक्यावर जा नि नवऱ्यामुलाला फटफटीवर बसवून घेऊन ये. बघू दे आमचा थाट."
मी व्हय म्हणालो. व्हय! गाढव मी.
तिन्हीसांजेला पुसत होतो. कु. आली. नवमीनंतर पहिल्यांदा सरळ माझ्याशी बोलली.
"ही बंद कशानं पडती?"
म्हटलं, "लई गोष्टींनी."
"एक सोपी सांगा, उद्यापुरती."