फाटकावरचं पिवळं फडकं

४ एप्रिल

आलो एकदाचे! बाबांना खुर्चीसकट टेम्पोतून उतरवलं तेव्हा सगळी गल्ली बघायला जमली होती. बाबा मोठ्यांदा म्हणाले, बघून घ्या मंडळी, वरात आलीय, नवरी जरा जून आहे. नवरी म्हणजे मी. लोक पोट धरून हसले आणि तिथेच आमची ओळख झाली.

घर छान आहे. खालच्या गल्लीतलं शेवटचं, समुद्राकडचं, पण पायरी म्हणून एक नाही. टेकडीवरच्या नव्या घरांना जिनेच जिने. पक्षाघातात बाबांची उजवी बाजू गेली. डावा हात आणि जीभ मात्र ठणठणीत. शेजारच्या मासुएकाकू लगेच मुळ्याचं लोणचं घेऊन आल्या. म्हणाल्या, लई वर्सं रिकामं होतं बाई हे घर, मागच्या भूकंपानंतरच्या लाटेत पाणी छताला लागलं होतं. मग त्यांनी लोणच्यात मीठ जास्त झालंय का ते विचारलं.

८ एप्रिल

खायच्या समुद्री शेवाळाच्या शेडमध्ये कामावर रुजू झाले. उकळत्या पाण्यात तपकिरी शेवाळ सोडलं की डोळ्यांदेखत हिरवंगार होतं. मला त्याच्या शिरा काढायला बसवलंय. शेडमधल्या बायकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, शहरातल्या बाई, शीर काढताय की शेवाळाला मालिश करताय? संध्याकाळपर्यंत माझी बोटं सुजली आणि त्यांची तोंडं काही थकली नाहीत.

संध्याकाळी भोंग्यावर रोजची धून वाजली आणि पाठोपाठ हिरोमु आला. गावच्या अग्निशमन पथकाचा म्होरक्या, एरवी मासेमार. त्याने एक पिवळं फडकं दिलं, त्यावर काळ्या शाईत आमचं आडनाव, इसोगाई. लाटेचा भोंगा झाला की घर सोडून टेकडीवर जायचं आणि जाताना हे फाटकाला बांधायचं. पिवळं दिसलं की पथक त्या घराशी थांबत नाही. नाही दिसलं तर आत घुसून माणसं उचलतात. बाबांसाठी दोन गडी राखून ठेवलेत म्हणाला. लगेच पाठीवर घेऊन पण बघितलं. बाबा वरून ओरडले, अरे हळू, मी मासळीची पेटी नाही! मला खूप बरं वाटलं. इतक्या वर्षांत बाबांचं ओझं दुसऱ्या कुणी पहिल्यांदाच उचललं होतं.

१६ एप्रिल

आज सराव होता. सकाळी भोंगा झाला तेव्हा बाहेर भुरभुर पाऊस, बाबांची पेज अर्धी, माझे पाय सुजलेले. सरावासाठी पोरांनी चिखल तुडवत यायचं, बाबांना टेकडीवर न्यायचं, परत आणायचं. लोकांना उगाच त्रास कशाला? मी फडकं फाटकाला बांधलं, डब्याच्या रुमालाला मारते तशी दोन फेऱ्यांची गाठ मारून. पडदे ओढले आणि आम्ही आत बसून राहिलो. बूट आले, थांबले. कुणीतरी म्हणालं, पिवळं आहे, चला पुढं. बाबा खांद्यात तोंड खुपसून हसत होते.

संध्याकाळी भोंग्यावरून सगळ्यांचे आभार मानले. सर्व घरं रिकामी झाली, असं सांगितलं. मी फडकं कपाटात ठेवलं.

१७ एप्रिल

सकाळी फडकं फाटकावर. म्हटलं, काढायचं राहिलं असेल. माझंही डोकं हल्ली ठिकाणावर नसतं.

२१ एप्रिल

पुन्हा. आज कपाटाला कुलूप घातलं.

दुपारी शेडमध्ये मासुएकाकूंना सहज विचारलं, आधी इथे कोण राहायचं? त्यांनी हातातलं शेवाळ खाली ठेवलं. तोकुएआजी राहायच्या. नवरा अंथरुणाला खिळलेला. लाटेच्या दिवशी पथकाची पोरं त्यालाच उचलायला खाली धावत होती. आजीने दारातून त्यांना बघितलं, पिवळं बांधलं, पडदे ओढले आणि आत नवऱ्याजवळ जाऊन बसली. पोरं फाटकावरून मागं फिरली, म्हणून वाचली. हिरोमु त्यांतलाच. काय बाई होती, काकू म्हणाल्या, जाताना पण कुणाला तरास दिला न्हाई. घर उपसलं तेव्हा फडकं तसंच होतं. दोन फेऱ्यांची गाठ सुटेना, कापावी लागली.

मी मान डोलावली आणि पुढची शीर काढली. काहीतरी वाटायला हवं होतं.

२६ एप्रिल

काल फडकं चुलीत घातलं. जळताना समोर उभी होते. आज फाटकावर आहे. आमच्या आडनावासकट. गाठ दोन फेऱ्यांची.

२९ एप्रिल

हिरोमुला गाठलं. म्हटलं, आमच्या फाटकाला पिवळं दिसलं तरी आत या, बाबा आतच असतील. तो हसला, हो म्हणाला, मग गंभीर झाला. ताई, असं एकेका घराचं वेगळं धरलं तर पिवळ्याला अर्थ काय राहिला? पिवळं दिसलं की पळायचं, एवढ्यावरच आम्ही आज जिवंत आहोत. त्याची बायको पोटुशी आहे. जाताना तो आमच्या फाटकाला वाकून नमस्कार करून गेला. मला वाटत होतं तो रोज मलाच करतो.

गावच्या कचेरीत टेकडीवरचं बिनपायऱ्यांचं घर मागितलं. शरद ऋतूत मिळेल म्हणाले.

३ मे

बाबा आज थट्टा करत नाहीत. जेवताना म्हणाले, चिहाया, तू पहाटे उठून फाटकाशी का जातेस?

मी जात नाही.

रोज जातेस, म्हणाले. जाताना बोलतेस पण. उगाच तरास नको, उगाच तरास नको, असं. मी विचारलं, आवाज कुणाचा? तुझाच, म्हणाले. बोली तेवढी इथली.

५ मे

बाबांना सांगितलं, रात्री माझा हात तुमच्या डाव्या हाताला बांधून ठेवते. बांधला. सकाळी फाटकापाशी जाग आली. दोरी बाबांच्या मनगटाला तशीच, दुसरं टोक मोकळं — बोटं गाठ मारत होती. मी बघत होते. थांबवायचं सुचलंच नाही.

भीती नाही वाटत. तीच तर —

८ मे

शेडमध्ये आज मला कुणी काही विचारलं नाही. मी काकूंना म्हणाले, काय बाय, मीठ लई झालंया. सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या. तोकुए असंच म्हणायची, काकू म्हणाल्या. आणि हसल्या, प्रेमाने.

११ मे

जमीन हलली. खूप वेळ. कपाट पडलं, भांडी फुटली, बाबा ठीक आहेत. भोंगा ओरडतोय — वर पळा, आपापले पळा, कुणासाठी थांबू नका.

खुर्ची दारापर्यंत नेली. गल्लीत खांब आडवा पडलाय, खुर्ची जात नाही. माझ्या एकटीच्याने बाबा उचलवत नाहीत. दोन गडी हवेत. हिरोमुचे दोन गडी.

बाबा म्हणतात तू जा. आपापलं पळायचं असतं, गावाची रीतच आहे, जा मुली. नाही जात. बापाला टाकून कुठे जाऊ?

फाटकाला पिवळं होतं. ओढून काढलं. त्याच्यावर बसलेय. डावा हात बाबांनी धरून ठेवलाय, घट्ट. उजव्याने लिहितेय. लिहीत राहिले तर हा हात दुसरं काही करणार नाही. आता फाटक मोकळं आहे. आता ते येतील —

बूट. उतारावरून धावत येतायत. बाबा, आले. आले बाबा —

थांबले. पिवळं नाही रे, आत बघा, हिरोमु म्हणतोय. देवा. दोन्ही हात जागेवर आहेत. फडकं खाली आहे, चाचपलं. आता फक्त हाक मारायची. तोंड उघडलं — बाबा माझ्याकडे असे का बघताय — ही मी नाही बोलत, बाबा, मी नाही — आम्ही मागच्या वाटेनं निघालोय रं पोरांनो, आत कुणी न्हाई, पळा तुम्ही वर, उगाच तरास —