हिंगाची डबी, ओट्सचे बार

१२ जानेवारी, रविवार

चिक्की झाली! करायला गेले ग्रॅनोला बार — मऊ, चिवट, निवांत चावत बसावे असे. ताटातून निघाली ती चिक्की. सुरीने तुटेना, शेवटी बत्त्याने फोडली. व्हिडिओतली बाई सांगत होती, मध आणि गूळ नुसते वितळवा. पण माझा हात ऐकेल तर ना! वाटीतल्या पाण्यात थेंब टाकला आणि टणकन वाजला तेव्हाच गॅस बंद केला. आईने शिकवलं तसंच.

आकांक्षाच्या डब्यासाठी आणि धनंजयच्या गाडीत ठेवायला, असं घरात सांगितलंय. त्याची साइट खाबुऱ्याला, जाऊन-येऊन साडेतीन तास, वाटेत काहीतरी तोंडात टाकायला लागतंच. म्हणजे खोटं नाही. पण खरंही नाही.

खरं इथेच लिहिते. मला मशेरी लागते. चौदाव्या वर्षी दाढ ठणकत होती म्हणून मोठ्या काकूने बोटावर दिली, तेव्हापासून. नवरा आणि मुलगी बाहेर पडली की बाथरूमची कडी लावायची आणि दहा मिनिटं भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड हिरड्यांवर घासत बसायचं. मग चुळा, मग वेलदोडा. सतरा वर्षांच्या संसारात कुणाला पत्ता नाही! वर्षभराची पूड गावाहून हिंगाच्या डबीतून येते. इथे तंबाखू चघळायला बंदी. मस्कतला उतरताना दरवेळी माझी गाळण उडते, तरी आणते.

गुरुवारी दात साफ करून घ्यायला गेले, तर डॉक्टर झरीनना गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. "टोबॅको?" मी म्हटलं, नो. त्यांनी छोटा आरसा माझ्या हातात दिला. मग म्हटलं, येस. इवलासा तुकडा कापून तपासायला पाठवलाय. कॅन्सर आहे की नाही ते दोन आठवड्यांनी कळेल. "आज से बंद. मुँह को दूसरा काम दीजिए."

म्हणून हे बार. च्युइंगगम चघळणारी माणसं मला बघवत नाहीत, रवंथ नुसता!

डबी फेकली का? नाही. आहे तिथेच आहे, मसाल्यांच्या मागे.

१३ जानेवारी

दुसरा घाणा. धसका घेऊन पाक केलाच नाही. बार कसले, सुका चिवडा! धनंजयने वाटीत घेऊन चमच्याने खाल्ला. "घोड्याचा खुराक," म्हणाला. डोकं ठणकतंय. सगळ्यांवर खेकसतेय.

१४ जानेवारी, संक्रांत

परवाची चिक्की वर तीळ भुरभुरवून शेजारच्या रोझलिनला तिळगूळ म्हणून दिली. वसईची आहे, ओळखेल असं वाटलं होतं. "कडक आहे, पण मस्त!" म्हणाली. खपली एकदाची.

१५ जानेवारी

जमलं! जमलं!

खजूर गरम पाण्यात भिजवून वाटला. त्यात तिळाची ताहिनी आणि मध. गुळाचा पाक गोळीबंद — थेंब पाण्यात पडून बोटांत मऊ गोळी झाली की खलास, गॅस बंद. ओट्स खमंग भाजून घेतले. शाळेत शेंगदाणे-बदाम चालत नाहीत, म्हणून भोपळ्याच्या बिया. ताटात थापून वाटीने दाब दाब दाबलं आणि फ्रीजमध्ये ठेवलं. एक तुकडा पाच मिनिटं पुरतो! घड्याळ लावून पाहिलं. उजवीकडूनच चावते, डावीकडचा टाका अजून हुळहुळतोय.

आकांक्षा म्हणाली, "मम्मा, धिस इज ॲक्च्युअली गुड! मला उद्या टू दे." धनंजयने चार नेले. खजुराला नाक मुरडणारा माणूस! "राजीवलाही देतो साइटवर. उद्या अजून कर."

१७ जानेवारी, शुक्रवार

अजून कर, अजून कर! नवऱ्याला झालंय तरी काय? इथल्या शुक्रवारच्या सुट्टीतसुद्धा स्वतः ओट्सची दोन पाकिटं घेऊन आला. दिवसभर ओट्यापाशी उभी होते. मशेरीची आठवण काढायलाही वेळ मिळाला नाही, ते बरंच झालं.

१९ जानेवारी, रविवार

हरले.

दोघं गेली. घर गप्प. हात आपोआप मसाल्यांच्या मागे गेला. बोटभर घेतली आणि लागलीच नाही! तोंड नुसतं थंड पडलं, लवंगेचा वास आला. मसाल्यांत राहून लागला असेल. डोकं तसंच जड. पाप केलं ते केलं, वर त्याची मजाही नाही.

बेसिनपाशीच रडले. आकांक्षा तेरा वर्षांची. तिला अजून 'ळ' धड म्हणता येत नाही. मी गेले तर तिच्याशी मराठी कोण बोलणार? धनंजय तर दमून आला की हिंदीतच उत्तरं देतो. फार भीती वाटते. कुणाला सांगू?

२१ जानेवारी

फोन नाही.

२२ जानेवारी

फोन नाही. दोन घाणे केले.

२३ जानेवारी, गुरुवार

नाही! कॅन्सर नाही!

साडेअकराला फोन आला. "बिलकुल नहीं है, शैलाजी." तीनदा वदवून घेतलं त्यांच्याकडून. मशेरी सुटली की चट्टाही कमी होईल म्हणाल्या, तीन महिन्यांनी परत दाखवायचं. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात फरशीवरच बसले. हसत होते की रडत होते, माझं मलाच कळेना. मग उठून भात लावला. किती छान वाटतं नुसता भात लावायला!

धनंजयला आता कशाला सांगायचं? सुंठीवाचून खोकला गेला. तो आज चारलाच घरी. सोबत किलोभर ओमानी हलवा. विचारलं, कशाबद्दल? "असंच," म्हणाला आणि आकांक्षाला उगाच मिठी मारली.

उद्या डबी टाकणार. नक्की.

२४ जानेवारी, शुक्रवार

सकाळी डबी सिंकमध्ये उपडी करत होते. मागे धनंजय.

"फेकतेस कशाला? माझं लवंगेचं दंतमंजन आहे ते."

डबी नाकाशी नेली. खरंच लवंग!

"तुझी पूड मी त्या गुरुवारीच टाकली. दवाखान्याचे मेसेज माझ्या नंबरवर येतात, बाई. इन्शुरन्स माझ्या कंपनीचा. तुकडा तपासायला गेल्याचाही आला, कालचा रिपोर्टचाही आला."

"आणि डबी?"

"सतरा वर्षांत त्या डबीतला हिंग एकदाही आमटीत पडला नाही. न कळायला काय झालं?"

त्याने माझ्या हातात एक बार दिला.

"तू खा. राजीव खातो माझे सगळे. मला खजूर अजूनही आवडत नाही."