दुसऱ्या डिस्कवरची आई

प्रिय धाकट्या,

‘प्रिय’ लिहिताना पेन अडलं होतं. पण पत्राची सुरुवात भांडणाने करू नये असं आईनेच शिकवलंय, म्हणून लिहिलं. झालं तेवढं. आता भांडते. मध्येच ‘ताई, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो’ म्हणून कापायला हा फोन नाही. शेवटपर्यंत वाचायचं.

तुझ्या सिनेमाची नवी डिस्क आली हे मला तू सांगितलं नाहीस. मला ते आमच्या गिऱ्हाइकाकडून कळलं. ते डिस्कवाले काका तुला आठवत नसतील. चष्म्याची काडी मोडली की धाग्याने बांधून फिरतील, पण सिनेमांच्या डिस्का मात्र निघाल्या दिवशी घेतील. घरात म्हणे कपड्यांच्या कपाटातही डिस्का आहेत आणि कपडे खुर्चीवर. मी दुकानाच्या मागच्या खोलीत चष्म्याची काच घासत होते, तर हे थेट काउंटर ओलांडून आत. हातात तुझा सिनेमा. जाड पुठ्ठ्याचा डबा, आत छोटं पुस्तक, दोन डिस्का. एकीवर सिनेमा, धुऊनपुसून रंग उजळलेला. दुसरीवर वगळलेले प्रसंग, पडद्यामागच्या गोष्टी, तुझी मुलाखत, आणि ‘गमतीजमती’. अहो, तुमच्या आई म्हणजे कमाल हो, पोट दुखलं हसून, असं म्हणाले ते. आणि मग त्यांनी आईची नक्कल करून दाखवली. पाहुणे आज... नाही, काल... नाही नाही, पाहुणे कुठले? अशी. डोळे बारीक करून, मान हलवून. दुकानातली पोरं हसली. माणूस वाईट नाही रे तो. त्याला वाटलं मला आनंद होईल. मी मशीन चालूच ठेवलं आणि एका बाईंची चांगली काच वाया घालवली.

संध्याकाळी त्यांच्याकडूनच डिस्क आणि एक जुना प्लेअर मागून आणला. तुझ्या बहिणीच्या घरी तुझा सिनेमा उसना आला, हेही तुझ्या त्या छोट्या पुस्तकात छापून घे.

बघितलं सगळं. तळपायाची आग मस्तकाला गेली. ‘गमतीजमती’त आधी पाटी येते, ‘आमची लाडकी विसरभोळी’. मग आई. घरमालकिणीचं काम करणारी बाई ऐन वेळी आजारी पडली म्हणून तू आईला उभं केलं होतंस ना, तेच ते शूटिंग. एकच वाक्य होतं तिला, पाहुणे उद्या येणार आहेत, आज नाही. तेवढं तिला येईना. ती चुकली की तुम्ही खाली पिपाणी वाजवलीय. पुन्हा चुकली की ढोल. एकदा तर तिच्या डोक्याभोवती चित्रातल्या चिमण्या फिरवल्यात! कुणाची रे ही अक्कल? आणि वरून तुझा आवाज, कॉमेंट्रीतला, अगदी मजेत: आमची आई पहिल्यापासून अशीच, युनिट हसून हसून बेजार झालं होतं.

पहिल्यापासून अशीच? टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म घालवलेली बाई ती. गावातल्या निम्म्या लोकांचे नंबर तोंडपाठ. शेजारपाजारचे लोक डायरी उघडायच्या आधी आमच्या दारात यायचे, वहिनी, दवाखान्याचा नंबर सांगा हो. तुझ्या मॅट्रिकचा बैठक क्रमांक तू विसरलास तेव्हा कुणी सांगितला होता? बाबा गेल्यावर त्यांच्या ऑफिसातल्या प्रत्येक माणसाला नावाने ओळखून तिने बसायला सांगितलं होतं. ती विसरभोळी कधी होती? तू तिला विसरभोळी केलीस, कारण त्याशिवाय तो तुकडा विनोदी होत नव्हता.

आणि तुला ठाऊक होतं, हेच मला गिळता येत नाहीये. शूटिंगच्या वेळी नव्हतं ठाऊक, मान्य. कुणालाच नव्हतं. पण त्याच वर्षी ती गॅस चालू ठेवून फिरायला गेली, मग घरचा रस्ता चुकली, मग मी तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर बोलत होते तेव्हा तू फोनवर होतास, स्पीकरवर. हे कधीपासून दिसतंय असं त्यांनी विचारलं, तेव्हा तूच म्हणालास, बहुतेक माझ्या शूटिंगपासून. तूच! तुझ्या तोंडचं वाक्य आहे. मग ही डिस्क करताना, कुठल्यातरी गार खोलीत बसून, पिपाणी इथे वाजवा, चिमण्या तिथे सोडा, हे ठरत असताना तुझी जीभ कुठे गेली होती? का तुझ्या मंजुरीला आलं तेव्हा नुसती मान डोलावलीस? तू म्हणशील, कंपनीला दुसरी डिस्क भरायची होती, मी बघितलंच नाही. तसं असेल तर कॉमेंट्री काय भुताने केली?

तू इथे नसतोस, म्हणून सांगते कसं चाललंय. दिवसा तिला सांभाळायला मावशी येतात, मी दुकानातून आले की त्या जातात. आईचं खाणंपिणं ठीक आहे. केस मी कापते, वाकडे कापले जातात, ती आरशात बघून ओळखत नाही म्हणून भांडण होत नाही. मला ‘अहो बाई’ म्हणते. फार अदबीने बोलते माझ्याशी. परवा म्हणाली, अहो बाई, तुम्हाला उशीर होत असेल, तुमच्या घरी वाट बघत असतील. मी म्हटलं, नाही बघत कोणी. तर म्हणाली, असं कसं, आई असेल की.

डिस्क मी तिच्यासमोर लावायला नको होती, पण तिला झोपवून मग बघायचं म्हटलं तर ती झोपतेच कुठे. शेजारी येऊन बसली. पिपाणी वाजली तशी हसली. चिमण्या फिरल्या तेव्हा टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, चला, हिला तरी मजा आली. मग हसू ओसरलं. पडद्याकडे बघत माझा हात धरून म्हणाली, अहो, त्या बाईंना काय बोलायचंय ते कुणी सांगत का नाही? नुसते हसताहेत मेले.

धाकट्या, मेले म्हणजे तू.

काका सांगत होते की पहिली खेप संपली, आता पत्र्याच्या डब्यात दुसरी निघणार आहे, चाहते आगाऊ नाव नोंदवताहेत. त्या खेपेत आई नको. सिनेमात आहे तशी राहू दे. तिथे शेवटी तिने वाक्य बरोबर म्हटलंय आणि किती रुबाबात म्हटलंय. पण ‘गमतीजमती’तून काढ, आणि कॉमेंट्रीतलं ते वाक्यही काढ. कंपनी ऐकत नाही वगैरे मला सांगू नकोस. दिग्दर्शक आहेस ना? पोस्टरवर सगळ्यांपेक्षा मोठ्या अक्षरात नाव आहे तुझं. आपलेच दात, आपलेच ओठ, म्हणून बाहेर कुठे बोलले नाही. नाहीतर त्या काकांच्या सिनेमावेड्यांच्या मंडळात शंभर माणसं आहेत आणि सगळी लिहिणारी आहेत.

एवढ्यासाठी मी तुझ्याशी फोनवरही भांडले असते, पण पुढचं मला तोंडाने सांगता येणार नाही. तो तुकडा डिस्कवरून काढ, पण पुसू नकोस. शेवटच्या चुकीनंतर आई गप्प होते आणि डावीकडे बघते, आठवतंय? तुम्हाला ते गमतीदार वाटलं, म्हणून तिथेच कापून ढोल वाजवलात. त्या बाजूला दिव्याच्या मागे मी उभी होते, तिचा चष्मा हातात घेऊन. तिला मी दिसत नव्हते. तिचं तोंड उघडतं आणि तुम्ही कापता. मी ते परत परत लावून बघितलं, दर वेळी तिथेच कापलं जातं. पण त्यानंतर ती बोलली होती, मी ऐकलंय. सगळ्या युनिटसमोर मोठ्यांदा ओरडली होती, ढमे, कुठं गेलीस गं? मी लाजेने लाल झाले होते, एवढ्या मोठ्या बाईला ढमी म्हणते म्हणून. आता मला ढमी म्हणणारं कुणी नाही. मूळ टेपवर ते असणारच, तुझ्या लोकांना शोधायला सांग आणि तेवढं मला पाठव. चित्र खराब झालं असलं तरी चालेल, नुसता आवाज आला तरी पुरे.

तुझीच, इलाज नाही म्हणून,
ताई