सात सेकंद

बुध., १ ऑक्टो.

आज एकवीस घरं. सात दारं उघडली, दोन ठिकाणी कुत्रे भुंकले, एका दारात जुना विद्यार्थी निघाला, कडेवर पोर. "मिस के!" म्हणून एवढ्यांदा ओरडला की पोर रडायला लागलं. तेवीस वर्षं इथे अमेरिकेत सातवीला गणित शिकवलं, अर्धी टाउनशिप हाताखालून गेली. गेल्या खेपेला कौन्सिलवर निवडून आले ती त्याच पुण्याईवर. यंदा गंमत अशी की समोर उभी असलेली मेगनही त्याच वर्गातली. आमच्या वॉर्डाची एक जागा, आम्ही दोघी.

व. म्हणतो, "तू पत्रकं वाटतेस का गृहपाठ? लोक घाबरून घेतात." रिटायर झाल्यापासून नवऱ्याला बोलायला फार वेळ आहे.

संध्याकाळी नेहाचा फोन. "मावशी, या संडेला स्टुडिओत बटणं सांभाळाल का? संदीप इंडियाला गेलाय, दुसरं कुणी मिळत नाहीये यार. तुम्ही बोलायचं नाही, नुसतं कॉल्स घ्यायचे."

रविवारचा मराठी तास मीच अकरा वर्षांपूर्वी सुरू केला. यंदा उभी राहिले तेव्हापासून माइक नेहाकडे. रेडिओ केंद्राची अध्यक्ष या नात्याने नियमही मीच लिहिलाय, चांगले नाकाने कांदे सोलत: उमेदवाराचा आवाज हवेत जाणार नाही, कुणाचा प्रचार जाणार नाही, गेलाच तर दुसऱ्या उमेदवाराला तेवढाच वेळ. बटणं दाबायला मनाई कुठे नाही. हो म्हटलं.

रवि., ५ ऑक्टो.

काय होऊन बसलं.

शेवटची दहा मिनिटं वाढदिवसांची. बर्वेकाकूंचा फोन नेहमीप्रमाणे पहिला. वय चौऱ्याऐंशी, मुलाकडे राहतात, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. नातवाचा वाढदिवस सांगितला आणि मग, "आणि हे बघ नेहा, आमच्या बाई परत उभ्या आहेत. सगळ्यांनी त्यांनाच मत द्यायचं हं. पोटची मुलगी करणार नाही एवढं तिने माझं केलंय. ती दुसरी म्हणजे कालची पोरगी. नवरात्रात बाईंची ओटी भरायची राहिली. निवडून आली की भरीन."

फोनवरचं बोलणं सात सेकंदांनी हवेत जातं. मधे एक लाल बटण, दाबलं की तेवढं गळतं. ते याचसाठी ठेवलंय. माझं बोट त्याच्यावरच होतं.

नाही दाबलं.

काचेपलीकडे नेहा पांढरीफटक. मग शहाण्यासारखी म्हणाली, "काकू, ऑन एअर इलेक्शनचं नको हं," आणि गाणं लावलं. नंतर बाहेर येऊन, "मावशी, कट का नाही केलंत?"

"मोठ्या माणसाचं बोलणं मधेच कसं तोडायचं ग?"

तिला लगेच पटलं. "हो, मलाही नसतं जमलं."

हे कारण खरंच आहे. पण एवढंच नाही. बाकीचं आज लिहवत नाही.

सोम., ६ ऑक्टो.

कुणाला सांगितलं नाही. कोजागिरीचं दूध आटवलं, केशर जास्त पडलं. व.ला सगळं माहीत आहे, तो रेडिओ ऐकतो. म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची." मी म्हटलं, मूठ हवेत उघडली आहे, चाळीस मैलांपर्यंत. "पण मराठीत," तो म्हणाला.

मंगळ., ७ ऑक्टो.

वॉल्टरला सांगितलं. केंद्राचा सगळा कारभार तोच बघतो. माझ्याआधीपासून आहे, त्याचं टेबलही. त्याने चष्मा पुसला. म्हणाला, "कुणाची तक्रार नाही. या इमारतीत कुणाला ती भाषा कळतही नाही. कशाला?"

म्हणूनच, मी म्हटलं. उद्या तमिळ तासात, पंजाबी तासात काय चाललंय ते कुणी सांगायचं?

त्याने वही काढली. "बटण?"

"उशीर झाला," मी म्हटलं.

त्याने तसं लिहिलं. त्यावर माझी सही.

घरी येताना बरं वाटायला हवं होतं.

शुक्र., १० ऑक्टो.

ठरलं. काकूंचं बोलणं नेहाने रेकॉर्डिंगवर घड्याळ लावून मोजलं, अठ्ठेचाळीस सेकंद. मेगनला १९ तारखेला अठ्ठेचाळीस सेकंद, त्याच दहा मिनिटांत. मेगनने आभाराची चिठ्ठी पाठवली आणि वर मजकूर: तिला मराठीतूनच हवंय, "तुमच्या श्रोत्यांचा मान म्हणून."

नेहाचा मेसेज: मावशी, माझं मराठी रिटन एवढं गुड नाही, तुम्ही ट्रान्सलेट कराल का??

व. पोट धरून हसला. "लष्कराच्या भाकऱ्या भाजणारे पाहिलेत. शत्रूच्या लष्कराच्या भाजणारी तू पहिलीच."

रवि., १२ ऑक्टो.

घरून ऐकलं. वाढदिवसांच्या वेळी बर्वेकाकूंचा फोन नाही. मी त्यांना लावला, सून म्हणाली झोपल्यात. सकाळी दहाला? काकू पाचला उठून पूजा आटपणाऱ्या. दुखावल्या बहुतेक. एवढ्या मोकळेपणाने बोलल्या आणि ते गुन्ह्यात जमा झालं.

मंगळ., १४ ऑक्टो.

मेगनचा मजकूर साधा आहे. स्टेशनपासून पार्किंगपर्यंतचा फुटपाथ अंधारा, तिथे दिवे हवेत. ग्रंथालय रविवारी उघडं हवं, कारण तिचे वडील दोन नोकऱ्या करायचे आणि त्यांना रविवारच मिळायचा. दिव्यांचं मीही चार वर्षं म्हणतेय. ग्रंथालयाचं मला सुचलं नव्हतं.

पहिला खर्डा केला. वाचला. सगळं होतं त्यात, चूक एक नाही, आणि जीव काडीचा नाही. "पित्याला दोन ठिकाणी सेवा करावी लागत असल्याने." असं कोण बोलतं? मी मुद्दाम केलं होतं. हाताने केलं, मी बघत होते.

चहा केला. खर्डा फाडला. "माझे बाबा दोन नोकऱ्या करायचे. रविवार तेवढा आमचा." असं लिहिलं. तिच्या इंग्रजीपेक्षा बरं झालं. झालं तर झालं.

रवि., १९ ऑक्टो.

मेगन आली. निळा कोट, केस ओले. तिने "नमस्कार" म्हटलं आणि बाकीचं नेहाने वाचलं. मी बाहेर बाकावर. अठ्ठेचाळीस सेकंद बरोबर. नंतर तीन फोन आले, तिन्ही ग्रंथालयावरून. काकूंचा नाही.

पार्किंगमध्ये मेगन थांबली होती. ती बोलली इंग्रजीत, इथे माझ्या भाषेत लिहिते.

"दुसरं कुणी स्वतःहून सांगितलं नसतं, मिस के. पण तुम्ही सांगणार. मला एकदा दोन मार्क जास्त पडले होते, आठवतं?"

नाही आठवलं. हे मात्र आठवतं की बेरजेत मी चुकले आणि मुलाने जास्तीचे मार्क परत करायला पेपर आणला, तर मार्क कापायचे आणि शेजारी मराठीत 'शाब्बास' लिहायचं, हा माझा रिवाज होता. पोरं ते अक्षर गिरवत बसायची.

"मी दोनदा आले होते," ती म्हणाली. "पहिल्यांदा म्हणाले, आत्ताच लक्षात आलं. ते खोटं होतं, मला आठवडाभर माहीत होतं. दुसऱ्या दिवशी तेवढंच सांगायला परत आले. तुम्ही नुसती मान हलवलीत. पण शाब्बास त्या दिवशी लिहिलंत."

हसली, गाडीत बसली, गेली. तिला काही माहीत असणं शक्य नाही. शक्यच नाही.

सोम., २० ऑक्टो.

दिवाळी. चकल्या मऊ पडल्या. पणत्या लावल्या, शेजारच्या घरासमोर हॅलोवीनचा सांगाडा, त्याच्या पायाशीही एक ठेवली.

५ तारखेचं उरलेलं लिहिते.

"मत" म्हटल्याबरोबर मला कळलं होतं. त्यानंतर सात सेकंद होते. सातपर्यंत मोजायला मी जन्मभर शिकवलं. बोट बटणावर होतं आणि मला ते ऐकायला गोड लागत होतं. चार वर्षं गटारं, दिवे, पार्किंगच्या तक्रारी ऐकल्या, आणि कुणीतरी सगळ्यांदेखत म्हणत होतं की पोटची मुलगी करणार नाही. आणि मतं मिळतील हेही मनात आलं. आलं, नाही कशाला म्हणू. काकूंचा मान राखला म्हणून मी काकूंच्याच पदराआड लपले.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

व.ला वाचून दाखवलं. बराच वेळ चकली मोडत बसला. "आता सांगितलंस तर हात दाखवून अवलक्षण होईल. दोन आठवडे राहिलेत."

"हो."

"अध्यक्षपदही जाईल."

"जाईल."

"मग जा," म्हणाला. "नाहीतर मला रोज वाचून दाखवशील."

बुध., २२ ऑक्टो.

केंद्राच्या समितीची बैठक. सहा जण. सांगितलं: उशीर झाला नव्हता. वेळ होता. मी दाबलं नाही, कारण ते माझ्या फायद्याचं होतं. वॉल्टरच्या वहीत मी लिहवून घेतलं ते खरं नाही.

वॉल्टरने चष्मा काढून ठेवला, पुसला नाही. मला वाटलं होतं तो रागावेल. त्याला वाईट वाटलं, ते जास्त लागलं.

नोंद दुरुस्त झाली. ती फाइल कुणीही येऊन वाचू शकतं. मी अध्यक्ष राहावं की नाही ते निवडणुकीनंतरच्या बैठकीत. मेगनला पत्र गेलं. वॉल्टर जिन्यात म्हणाला, "बातमी होईल, तुला माहीत आहे ना?"

शनि., २५ ऑक्टो.

झाली. गावच्या साप्ताहिकात, आतल्या पानावर, भोपळ्यांच्या शर्यतीच्या बातमीखाली. चार ओळी.

आज अठरा घरं. एकाने पत्रक घेतलं, नाव वाचलं, परत दिलं. एक बाई म्हणाली, "रेडिओवाल्या त्या तुम्हीच ना?" पुढे विचारलंच नाही की बरं की वाईट. आपलाच एक सॉफ्टवेअरवाला, नागपूरचा, गेल्या आठवड्यात अंगणात लावलेली माझी पाटी काढून आत ठेवत होता. "वाऱ्याने पडत होती मॅडम." वारा नव्हता.

रडू आलं. गाडीत बसून रडले, मग उरलेली सहा घरं केली.

रवि., २ नोव्हें.

मराठी तास. काकूंचा फोन आजही नाही, चौथा रविवार. निवडणुकीचं काय व्हायचं ते होईल, त्याची तयारी मनाने केलीय. काकूंची नाही केली. निवडणूक झाली की जाऊन पाया पडायचं आणि माफी मागायची. का निवडणूक झाली की? आधी का नाही?

मंगळ., ४ नोव्हें.

सकाळी मत दिलं. मतदान केंद्र माझ्या जुन्या शाळेच्या जिममध्ये. मतपत्रिकेवर दोन नावं, मेगनचं वर. माझ्या नावापुढे खूण करताना उगाच अवघडल्यासारखं झालं. व.ला विचारलं, कुणाला दिलंस? "मतदान गुप्त असतं," म्हणाला. मग दार उघडताना, "ग्रंथालयाचं भाषांतर छान होतं हं."

बाहेर, प्रचाराला मनाई म्हणून आखलेल्या रेषेच्या पलीकडे मेगन पाटी घेऊन उभी. थंडीने नाक लाल. मला कॉफी दिली. पत्राबद्दल एक शब्द नाही. आम्ही दोघी पाच मिनिटं नुसत्या उभ्या राहिलो, लोक आम्हाला बघत आत जात होते. निघताना तिने फक्त मान हलवली.

चारला काकूंकडे गेले. दार त्यांनीच उघडलं.

"आलीस? मत देऊन आलीस? मला कुठलं मत, माझं ग्रीनकार्ड."

मला वाटायचं त्या मतदार आहेत. सबंध महिन्याचं रामायण, आणि ज्यांच्यामुळे झालं त्यांना मतच नाही.

"काकू, चार रविवार फोन नाही केलात."

"नेहा म्हणाली, इलेक्शन होईपर्यंत दम धरा. धरला. दहा वाजता देखील पलंगावर पडून राहत होते, हात शिवशिवायचा."

मग मी सगळं सांगितलं. बटण, सात सेकंद, सगळं. म्हटलं, तुमचं बोलणं तोडणं जिवावर आलं असं सगळ्यांना सांगत होते, काकू, पण ते निमित्त होतं. मी दाबायला हवं होतं.

"मग दाबायचं होतंस की," काकू म्हणाल्या. "मी परत लावला असता."

त्या आत जाऊन ताट घेऊन आल्या. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. कधीचं मांडून ठेवलेलं, तांदळावर रुमाल होता.

"अजून निकाल नाही लागला काकू. आठपर्यंत मतदान आहे. आणि तुम्ही म्हणाला होतात, निवडून आले की."

"तो त्यांचा निकाल. पदर कर."

"जॅकेट आहे."

"मग जॅकेट धर."

धरलं.

आता नऊ वाजलेत. नारळ टेबलावर आहे. व. म्हणतो, निकालाचं पान त्याच्या फोनवर उघडून ठेवलंय, बघणार का? म्हटलं, थांब, आधी तांदूळ डब्यात ओतते.