जास्तीचं नवं

वालावल

प्रिय किशोरी,

तुझ्या नणंदबाईंच्या, म्हणजे भक्तीच्या, हाती पिशवी पाठवते आहे. आधी हे पत्र वाच आणि मग पिशवी उघड. तू उलटंच करणार हे माहीत आहे, तरी सासू म्हणून सांगायचं काम माझं. रत्नागिरीत तुझं काय चाललंय ते भक्तीने आम्हा दोघांना सांगितलं. लगेच घाबरू नकोस, कुणी रागावलेलं नाही. पण मला क्रमाने सांगू दे. फोनवर तू 'बरी आहे' म्हणतेस, मी 'बरं' म्हणते, आणि बोलायचं ते राहूनच जातं.

यंदा दसऱ्याला आपल्या दाराला नवं बांधलं. तू बंदरावरची, तुमच्याकडे भातशेती नाही, म्हणून लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला तू मालवणच्या बाजारातून प्लास्टिकच्या झेंडूचं तोरण आणलं होतंस. सुशांत पोट धरून हसला होता. मग त्यानेच तुला पडवीत बसवून नवं बांधायला शिकवलं. भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, कुरडूचं फूल, सगळं आंब्याच्या पानात धरायचं आणि केळीच्या भिजवलेल्या सोपाच्या दोरीने आवळायचं. दमडीचा खर्च नाही. अट एकच, लोंबी आपल्या शेतातली हवी. तू बांधलेलं नवं दुपारपर्यंत सुटून पडलं आणि कोंबड्यांनी दाणे खाल्ले. चिडून तू त्या कोंबड्यांना दोन दिवस खाऊ घातलं नाहीस.

त्या शेताचं तुला काय सांगू! तिथल्याच चिखलातून सुशांतने तो लेप्टोचा ताप आणला आणि बघता बघता गेला. पहिलं वर्ष दुःखाचं, सण नव्हताच. दुसऱ्या वर्षी यांनी शेत पडीक टाकलं. लवूभावजी मायेने स्वतःच्या लोंब्या घेऊन आले, तर यांनी हात जोडून परत पाठवलं. दार ओकंबोकं राहिलं. येता-जाता नजर वर जायची आणि मी ती खाली वळवायची. यंदा मात्र मिरगात कुणाला न विचारता यांनी भाताचा तरवा पेरला. मी गमबूट घातल्याशिवाय बांधावर पाय ठेवू दिला नाही. चरफडले, पण घातले.

दसऱ्याच्या सकाळी हे लोंब्या घेऊन आले आणि मी बांधायला बसले. हात सवयीने चालतात गं. दाराला, तुळशीला, विहिरीच्या रहाटाला, नांगराला, देवघराला, असं करत बांधून झालं. हे सगळीकडे लावून आले तर ताटात एक उरलेलं. कुणाचं ते आम्हा दोघांनाही कळलं. सुशांत दरवर्षी आपल्या मोटारसायकलला बांधायचा ना, त्याचं मी न ठरवताच करून बसले होते. मला रडू आवरेना. हे पडवीच्या कोपऱ्यात गेले, गाडीवरचं कापड काढलं आणि हँडलला नवं बांधलं. बराच वेळ सीट पुसत राहिले. मग म्हणाले, "उभी करून ठेवली तर गंजतली. चलवणाऱ्याक देवया." संध्याकाळी लवूभावजींचा अजय येऊन घेऊन गेला. नवं हँडलवर तसंच होतं.

तुझी आणि गाडीची तुलना करते असं समजू नकोस, नाहीतर तिथून भांडायला येशील. आलीस तर बरंच होईल म्हणा.

भक्ती म्हणते, तुझ्या दवाखान्यात औषधं देणारा ओंकार आहे, मुलगा सरळ आहे, तुलाही आवडतो. त्याने विचारलं आणि तू नाही म्हणालीस. का, तर 'मग मी आईबाबांच्या दारात कोण म्हणून उभी राहू?' हे ऐकून मी तुझ्यावर खरंच चिडले. भक्ती माहेरी येते तेव्हा काय दारात उभी राहून विचारते? चपला भिरकावते आणि थेट चुलीवरचं झाकण उघडते. तूही तेच करायचं. तो आला तर त्यालाही घेऊन ये, यांना मासे खाताना सोबत लागते.

गाडी गेल्यावर हे तोंड धुऊन आले आणि माझ्यासमोर उरलेल्या लोंब्या ठेवल्या. म्हणाले, "आणि एक बांध गो. किशोरीच्या दाराक लागात." तेच पिशवीत आहे, म्हणून हे पत्र. सोप नीट आवळलाय, सुटणार नाही. ओंकारला हो म्हण आणि नव्या घराच्या दाराला हे स्वतःच्या हाताने बांध. लोंबी कुठल्या शेतातली असं कुणी विचारलं, तर सांग, माझ्या माहेरच्या.

तुझीच,
आई