साहेबांचा व्हिसा

१२ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

हे पत्र हातात पडलं की आधी दार लावून घे, खुर्चीवर बस आणि मगच पुढे वाच. झालं एकदाचं! परवा इथल्या सरकारने नावं जाहीर केली. कैद्यांचे हाल करणारे सहा अधिकारी, आणि त्यात तुमच्या तुरुंगाचे अधीक्षक दुसरे. आता हा माणूस या देशात पाय ठेवू शकत नाही, शेजारच्या देशांतही नाही. इथल्या बँकेत त्याचा पैसा असेल तर तोही अडकला. मी कामावर एका म्हातारबांची कवळी घासत होतो. रेडिओवर नाव ऐकलं आणि कवळी हातातून पडून दोन तुकडे झाले. मालक तोंडाला येईल ते बोलला. मी आपला हसतोय.

ताई, हे सगळं तुझ्या शिवणकामाने झालं. मी इथल्या सरकारी कचेरीत जबानी द्यायला गेलो तेव्हा सांगितलं की भाचा, आपला बोका, शाळेत भूमिती शिकवायचा, शिक्षकांच्या संपात पुढे होता म्हणून उचलला, खटला अजून उभा नाही आणि आत त्याला मारतात. तिथली बाई म्हणाली, मारतात असं सगळेच सांगतात, तुम्हाला कशावरून कळलं? मग मी तुझ्या पत्रातलं सांगितलं. बोक्याचे शर्ट धुवायला घरी येतात. दोन्ही काखांची शिवण उसवलेली असते, तीही मागच्या बाजूने वर. हात मागे बांधून टांगल्याशिवाय ती तशी उसवत नाही, असं त्याची आई म्हणते, आणि तिचा जन्म शिवण्यात गेला. हेही सांगितलं की हल्ली तू काखेत जादा कापडाची कळी घालून देतेस, निदान शर्ट तरी फाटू नये म्हणून. बाई लिहायची थांबली.

बोक्याला कसंही करून कळव. म्हणावं, मामा नुसताच बडबड्या नाही. लहानपणी माझ्या वाटचं दूध पिऊन ओठ पुसत साळसूद बसायचा, ते सगळं आज माफ.

लोभ आहेच, पण आता जरा ताठ मानेने कर.

तुझा,
धाकटा


३० मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र तिकडे ये-जा करणाऱ्या आपल्या चष्मेवाल्यांनी नेहमीसारखं चष्म्याच्या डबीत घालून आणून दिलं. तुझा आनंद वाचला. तुला बोलायला जीव होत नाही, पण न सांगून कसं चालेल?

आमच्या अधीक्षकांना आम्ही भेटीच्या रांगेतल्या बायका जावईबापू म्हणतो. ते आले की सगळ्यांनी उठायचं, हसायचं, त्यांचं कशाने बिनसू नये म्हणून जीव मुठीत धरून बसायचं. तर हे जावईबापू जूनमध्ये निवृत्त होणार होते. त्यांची मुलगी तुझ्याच देशात असते, तिच्याकडे कायमचे जाणार होते. व्हिसा आला होता, घरातलं सामान विकायला काढलं होतं. शिवणयंत्र घेता का म्हणून त्यांच्या बायकोने मलाच विचारलं होतं, आता बोल! त्यांच्या जागी येणारा माणूस टांगत नाही, असं त्याच्या जुन्या तुरुंगातल्या एका कैद्याच्या आईने सांगितलं होतं. बाकी काही चांगलं नाही, नुसता टांगत नाही. तेवढ्या आशेवर आम्ही दिवस ढकलत होतो. हे सगळं मी तुला जानेवारीतच लिहिलं होतं रे. पण चष्मेवाले काविळीने पडले आणि डबी त्यांच्या उशाशीच राहिली. तुझ्या पत्राबरोबर माझं ते पत्रही त्यांनी मला परत दिलं. बिचारे मान खाली घालून उभे होते.

आता व्हिसा रद्द झाला. जावईबापू जाणार कुठे? त्यांनी मुदतवाढ मागितली. परक्यांनी ज्याच्यावर डूख धरला तो आपला हिरा, म्हणून ती हातोहात मिळाली. तीन वर्षं. वर सत्कार झाला, पेपरात फोटो आला. मुलीला बाळ झालंय, ते त्यांनी अजून पाहिलेलं नाही. भेटीच्या दिवशी आम्हा सगळ्यांना उभं करून हे त्यांनी स्वतः सांगितलं, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. मला कीव आली नाही. मी मनात तीन वर्षांचे महिने मोजत होते.

आणि तुझ्या जबानीतली ती कळीही पेपरात छापून आली. शिवणकाम करणारी आई त्या रांगेत मी एकटीच. यापुढे घरचे कपडे बंद, असं खिडकीवरच्या शिपायाने सांगितलं. म्हणजे आत काय चाललंय हे आता मला शर्टावरूनही कळणार नाही.

असो. वेळेवर जेवत जा. माया होती तेवढीच आहे, त्याची काळजी करू नकोस.

ताई


१७ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चार वेळा लिहायला बसलो आणि उठलो. तू मला शिव्या का नाही दिल्यास? करायला गेलो एक आणि झालं भलतंच. इथले आपले लोक रस्त्यात गाठून पाठ थोपटतात, आणि मी घरी येऊन पाणी पिऊन भिंतीकडे तोंड करून पडतो.

खरं सांगू का, मला तुझा रागही आला. ज्याने बोक्याला टांगलं तो नातवंडं खेळवायला सुखाने इकडे यावा, याची तुम्ही वाट बघत होता? उद्या तो माझ्याच बसमध्ये शेजारी बसला असता तर मी काय करायचं होतं? मग वाटलं, बसू दे की. बोक्याचा हात शाबूत राहत असेल तर खुशाल शेजारी बसू दे, मी उठून जागा देईन. माझं डोकं चालेनासं झालंय.

एकच कळव. बोका कसा आहे?

लोभ ठेवशील का, हे विचारायचा धीर होत नाही.

धाकटा


६ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

लोभ ठेवशील का म्हणे! एक कान पिळायला हवा तुझा. तुला कडेवर घेऊन माझी कंबर वाकडी झाली, ती काय उगाच?

बोक्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. भेटीत दुसऱ्या हाताने तोंड पुसत होता. बोटं काळी-निळी पडली आहेत, आणि औषध झालं नाही तर हात जाईल, असं त्याच्या कोठडीतल्या कंपाउंडरने त्याला सांगितलंय. मी हसून म्हटलं, डाव्या हाताने वर्तुळं काढायला शीक. तोही हसला.

काल अधीक्षकांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. चहा दिला. पंख्याचा वारा बाधतो का, असं विचारलं. मग म्हणाले, बाई, तुमच्या भावाने माझं वाटोळं केलं, पण मी मनात ठेवलेलं नाही. त्याने लिहून द्यावं की भाचा ठणठणीत आहे आणि शर्टाचं सगळं मनचं रचलेलं होतं. एक प्रत तिकडच्या सरकारला, एक आपल्या वकिलातीत. मग मुलगा दवाखान्यात जाईल, माझं नाव निघालं की मी लेकीकडे जाईन, तुम्ही सुखी आणि मीही सुखी. त्यांनी टेबलावरचा बाळाचा फोटो माझ्याकडे वळवला. गोड आहे रे बाळ. मला तसं म्हणावं लागलं आणि ते खरंही होतं.

धाकट्या, मी हात जोडते, लिहून दे. तुला खोटं बोलायला सांगणारी मी कोण, ते मला कळतं. पण तिकडच्या कागदात खरं राहून माझ्या पोराचा हात गेला, तर त्या खऱ्याचं मी काय लोणचं घालू? लोक तुला नावं ठेवतील, ठेवू देत.

चष्मेवाले उद्याच निघताहेत. माझा जीव तुझ्या उत्तरात आहे, एवढं समज.

ताई


२८ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लिहून दिलं.

तीच बाई होती. तिने वाचलं आणि मला पाणी दिलं. तुमच्यावर कोणी दबाव आणलाय का, म्हणाली. मी नाही म्हटलं. तिने विचारलं, मग शिवण का उसवायची? याचं उत्तर मी ठरवून गेलो नव्हतो. तोंडाला आलं ते बोललो. म्हटलं, माझ्या बहिणीची शिवणच कच्ची असते. ताई, तू शिवलेला कोट मी तेव्हा अंगात घातला होता. बाराव्या वर्षापासून तुझ्या हातचे कपडे घालतोय, एक टाका कधी निघाला नाही. बाईने ते उत्तर लिहून घेतलं आणि मी खाली सही केली.

मग ती म्हणाली की एवढ्याने नाव निघत नाही. इतरांच्या जबान्याही आहेत, आणि नाव काढायचं तर सगळं पुन्हा तपासायला वर्षं लागतात. तुमचा कागद फक्त फायलीत राहील. आपल्या वकिलातीत त्या उत्तरासकट प्रत दिली तेव्हा मात्र तिथला अधिकारी उठून उभा राहिला आणि त्याने माझा हात हातात घेतला. घरी येऊन मी तो हात धूत बसलो होतो.

इथल्या आपल्या लोकांच्या रविवारच्या बैठकीत माझ्याशी कोणी बोललं नाही. ज्याचा भाऊ आत वारला तो शिंपी तर उठून दुसरीकडे बसला. मी त्याच्या जागी असतो तर थुंकलो असतो.

नाव निघणार नाही, हे साहेबांना इतक्यात कळू देऊ नकोस. आधी बोक्याला दवाखान्यात जाऊ दे. गेला की लगेच कळव. तेवढ्यासाठीच मी हे केलं.

लोभ असू दे, मला आता दुसरं कोणी नाही.

धाकटा


२१ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

हे पत्र साध्या पोस्टाने पाठवते आहे. कोणाला वाचायचं असेल त्यांनी वाचावं.

नाव निघत नाही हे साहेबांना माझ्याआधी कळलं होतं. चिडतील म्हणून मी देवाचं नाव घेत गेले, तर ते शांत होते. तुझा कागद त्यांनी बराकीत सगळ्यांसमोर वाचून दाखवला होता आणि मग बोक्याच्या हातात दिला होता. मागच्या भेटीला मी बसले तेव्हा ते स्वतः त्याच्या मागे उभे होते. भेटीत कधी येत नाहीत, त्या दिवशी आले.

बोक्याने मला विचारलं, हे मामाने लिहिलंय का? मी हो म्हटलं. मग त्याने विचारलं, आई, तुझी शिवण कच्ची होती का? साहेब माझ्याकडे बघत होते. दवाखान्याचा कागद त्यांच्या सहीवाचून होत नाही. मी म्हटलं, हो रे, हल्ली डोळ्यांना नीट दिसत नाही, टाके सैल पडतात. बोका म्हणाला, असेल. मामा म्हणतो, तू म्हणतेस, तर तसंच असेल. मला हल्ली नीट आठवत नाही.

तो हे टोमणा म्हणून बोलला असता तर मी आनंदाने सहन केलं असतं. त्याने ते खरं मानलं.

त्याला आत नेल्यावर मी साहेबांना दवाखान्याचं विचारलं. ते म्हणाले, बाई, मुलगा ठणठणीत आहे असं तुमच्याच भावाने लिहून दिलंय. ठणठणीत माणसाला मी दवाखान्यात कसा पाठवू? त्यांच्या आवाजात राग नव्हता, खरंच अडचण सांगावी तसं म्हणाले.

आज भेटीचा दिवस होता. मी रांगेत उभी होते. खिडकीवरच्या शिपायाने निरोप दिला की मुलगा भेटीला यायचं नाही म्हणतो. आईचे डोळे अधू झालेत, तिने एवढ्या लांब येऊ नये, असं म्हणाला.

तुझ्यावर राग नाही. लोभ कर, नको करूस, मला आता दोन्ही सारखंच.

ताई